सोलापुरात समोर बसून ऐकलेला पहिला जॅझ

भुईकोट

परवाच्या रविवारी आपल्या गावात जॅझचा कार्यक्रम झाला. फलक नाही, पेपरात बातमी नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला एक निरोप तेवढा. मुंबईचे चौघे वादक हैदराबादच्या कार्यक्रमाला गाडीने निघाले होते. इथल्या एका डॉक्टर दांपत्याशी त्यांची ओळख, म्हणून वाटेत सोलापूरचा मुक्काम आणि रेल्वे लाइन्समधल्या एका छोट्या हॉलमध्ये दोन तास वादन. खुर्च्या शंभरेक, भरल्या सत्तर-ऐंशी, आणि मध्यंतराचा चहा झाल्यावर त्यातल्याही काही रिकाम्या झाल्या. इथे नाट्यसंगीतावर धागे पोत्याने आहेत, जॅझवर एकही सापडला नाही, म्हणून हा काढतोय.

माझी पात्रता: लहानपणी तबला शिकलो, पुढे सुटला, पण कान अजून मात्रा मोजतो. पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण शून्य. जाणकारांनी भर घालावी.

वाद्यं चार. टेनर सॅक्सोफोन, कीबोर्ड, डबल बास आणि ड्रम्स. आपल्या हॉलमध्ये पियानो कुठून असणार, त्यामुळे कीबोर्डवर भागवलं आणि त्याचा आवाज शेवटपर्यंत पातळच वाटला. बास मात्र खरा, लाकडी, माणसाहून उंच. गाडीच्या मागच्या सीट पाडून तो आडवा घालून आणला होता म्हणे. गज वापरलाच नाही, सगळं बोटांनी.

पहिलं वादन सुरू झालं तेव्हा चाल छान होती, गुणगुणता येईल अशी. ती मिनिटभरात संपली आणि सॅक्सवाला सुटला. मग चाल कुठे गेली, हा काय वाजवतोय, बाकीचे तिघे कशाच्या भरवशावर त्याच्यासोबत आहेत, काही कळेना. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे बघून हसले, मीही हसलो.

दुसऱ्या वादनाला सॅक्स सोडून बासवर कान ठेवला. बासवाला दर मात्रेला एक सूर टाकत जातो, न थांबता. यालाच वॉकिंग बास म्हणतात. त्याच्या आधाराने बोटांवर मोजायला लागलो. चार मात्रांचा एक बार. आठ बारची एक ओळ. तीच ओळ पुन्हा. मग आठ बारची वेगळी ओळ, अंतऱ्यासारखी उठणारी. मग पुन्हा पहिली. झाले बत्तीस बार, १२८ मात्रा. सोळा मात्रांच्या तीनतालाची आठ आवर्तनं मावतील एवढं हे त्यांचं आवर्तन. आणि चाल वाजवून झाली तरी ते थांबत नाही! सॅक्सवाला काहीही करत असो, खाली तेच बत्तीस बार त्याच क्रमाने फिरत असतात. चाल गेलेली नसते, फक्त कोणी ती वाजवत नसतं. शेवटी सगळे मिळून ती पुन्हा वाजवतात आणि थांबतात. मिनिटाला दोनशे मात्रांची लय धरली तर एक फेरा चाळीस सेकंदांच्या आत संपतो. एकदा हे मोजायला जमलं की कोण फेऱ्यात कुठे आहे ते कळतं, आणि तिथून पुढे मजा.

आता मला सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट. आपल्याकडे तानपुरा लागला की सा ठरला. गवई कुठेही हिंडून येवो, घर जागेवर. इथे घरच सरकतं. कीबोर्डवाला तीन-चार सूर एकदम दाबतो ती कॉर्ड, आणि ती दर एक-दोन बारला बदलते. एका संथ वादनात सॅक्सवाल्याने एकच सूर लांब धरला होता. अगदी षड्जासारखा, पोचल्यासारखा. खाली कीबोर्डने कॉर्ड बदलली आणि त्याच सुराची बैठक बदलली. मी मान वर करून बघितलं, सॅक्सवाल्याने काही केलं का म्हणून. त्याची बोटं हललीच नव्हती. घरी येऊन पेटीवर करून पाहिलं. सा-ग-प दाबून वर सा धरा. मग वरचा सा न सोडता खाली म-ध-सा दाबा. तो सा आता मध्यमाचा पंचम झाला. सूर तोच, नातं दुसरं. रागदारी ऐकणाऱ्याने जॅझमध्ये शिरायचं असेल तर दरवाजा इथे आहे असं माझं मत. तानेची चपळाई शोधत बसलात तर ‘आमच्याकडे याहून भारी आहे’ एवढंच घेऊन घरी याल.

दुसरं, टाळ्या. प्रत्येकाचा सोलो, म्हणजे एकट्याची पाळी, संपला की वादन चालू असतानाच लोक टाळ्या देतात. आपली ‘वाह’ जिथे पडते तिथेच, फक्त हाताने.

आणि तिसरं. ड्रमरच्या डाव्या पायाखाली हाय-हॅट, म्हणजे एकमेकींवर मिटणाऱ्या दोन झांजा. त्या मिटतात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला. तबल्याचा कान जोर मागतो पहिलीवर. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने दोन-चारवर चुटक्या धरल्या होत्या, तिच्याकडे बघून मीही धरलं. त्यानंतर पाय आपोआप हलायला लागला.

सगळंच आवडलं असं नाही. ड्रमचा एक सोलो फार लांबला आणि निवेदन सगळं इंग्रजीत, तेही पुटपुटल्यासारखं. कोणती रचना, कुणाची, निम्म्या लोकांपर्यंत पोचलंच नाही.

त्या दिवशी आणखी कोण कोण होतं? आणि घरी ऐकायला सुरुवात कशापासून करावी?

---

वेणू

मी होते, डावीकडे तिसऱ्या रांगेत. छान लिहिलंय. तुम्ही ज्याला अंतऱ्यासारखं म्हणताय त्या मधल्या आठ बारना ब्रिज म्हणतात. ऐकताना हरवलं तर ब्रिजची वाट बघावी. तो आला की रंग बदलतो आणि आपण कुठे आहोत ते सापडतं.

पण ‘घरच सरकतं’ हे प्रत्येक वेळी खरं नाही. मध्यंतरानंतर त्यांनी ‘सो व्हॉट’ वाजवलं, आठवतंय? सुरुवातीला बास एक वाक्य बोलतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात, ते. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची रचना, ‘काइंड ऑफ ब्लू’ या १९५९च्या ध्वनिमुद्रिकेतली. तिथे कॉर्ड भराभर बदलत नाहीत. सोळा बार एकाच सप्तकावर बसून राहायचं, मग आठ बार तेच सप्तक अर्धा सूर वर उचलायचं, मग आठ बार परत खाली. आणि ते सप्तक कोणतं? ग, नि कोमल, बाकी शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट. ते लोक त्याला डोरियन म्हणतात. राग काफी नव्हे बरं, थाट. चलन, वादी-संवादी, पकड यातलं काही नाही, सूर तेवढे तेच.

तेव्हा घरी ऐकायला सुरुवात इथूनच करा. आपल्या कानाला हे घर ओळखीचं आहे. दोनदा सोळा-आठ-आठ मोजलंत की ब्रिजचा तो अर्ध्या सुराचा उचल चुकणार नाही.

ड्रम सोलोबद्दल असहमत. तो सोलोही त्याच बत्तीस बारवर चालला होता. मी मनात चाल म्हणत होते आणि तो बरोबर चालीच्या तोंडाशी आला.

---

सातरस्ता

मी पण होतो आणि मध्यंतरात उठून गेलेल्यांपैकी एक मीच. त्यामुळे विरोधी पक्षाची बाजू मांडतो.

बत्तीस बार मोजा, ब्रिजची वाट बघा, घरी येऊन पेटीवर सा धरा. अहो, हे ऐकणं आहे की दहावीचा भूमितीचा पेपर? भीमसेनांचं गाणं ऐकायला माझ्या आईला कधी मात्रा मोजाव्या लागल्या नाहीत. तिला तीनताल कशाशी खातात माहीत नव्हतं, पण गाणं संपेस्तोवर उठायची नाही. जे संगीत समजावून सांगितल्याशिवाय पोचत नाही त्याच्यात काहीतरी कमी आहे.

दुसरं म्हणजे ते चौघे एकमेकांकडे बघून हसत होते, माना डोलावत होते, आमच्याकडे एकदा बघितलं नाही. तीनशे रुपये देऊन दुसऱ्यांच्या गप्पा ऐकत बसल्यासारखं वाटलं.

---

भुईकोट

सातरस्ता, तुमच्या मातोश्रींनी मात्रा मोजल्या नसतील, पण लहानपणापासून भजन, कीर्तन, काकडआरती कानावर पडलेली. ठेका अंगात मुरलेला होता. न्यू ऑर्लिन्सच्या पोरालाही बत्तीस बार मोजावे लागत नाहीत. आपण तिथले नाही म्हणून आपल्याला बोटं लागतात, एवढंच.

एकमेकांकडे बघण्याचं म्हणाल तर त्यांना दुसरा इलाज नाही. पुढचा सोलो कोणाचा, आणखी एक फेरा घ्यायचा की चालीवर यायचं, हे आधी ठरलेलं नसतं. सॅक्सवाल्याने एकदा डोक्यावर हात ठेवला आणि सगळे चालीवर आले, तो इशारा होता. तबलजी गवयाच्या तोंडाकडे बघत बसतो तेव्हा आपण रागावतो का?

निवेदनाबद्दल मात्र माझी तक्रार कायम आहे.

---

साइडड्रम

भुईकोट अण्णा, मी बी होतो की, पार मागच्या रांगेत. आमचं घर बँडवाल्यांचं. वडील क्लॅरोनेट, मी पोरवयात साइड ड्रम आणि पुढं आल्टो सॅक्स. आता दुकान बघतो, पण लग्नसराईत कुणी कमी पडलं तर जातो अजून.

ते सॅक्सचं सांगतो. वरातीत वाजवायचं म्हणजे आवाज चौकापार गेला पायजे. बाजूला ढोल, पुढं पोरं नाचायलीत, मागनं जनरेटरची गाडी. सगळा जीव फुंकरीत. त्या दिवशी त्या बाबाने ते संथ वाजवलं ना, तेव्हा मला खरं वाटंना. आवाजात अर्धी हवाच सोडत होता. सुराच्या आधी फुस्स करून हवा ऐकू यायची, मग सूर. नंतर जाऊन विचारलं तर म्हणाला याला सबटोन म्हणतात, ओठ सैल सोडायचा आणि खालच्या पट्टीत वाजवायचं. आम्ही असं वाजवलं असतं तर नवरदेवाच्या मामानं हाकललं असतं बे.

त्याचा टेनर, माझा आल्टो. टेनर मोठा, मानेपाशी वळण घेतलेला, आवाज पुरुषी. आणि एक, सॅक्स पितळी दिसतो म्हणून लोक त्याला ट्रम्पेटच्या घरात टाकतात, पण त्याचं गोत क्लॅरोनेटचं. तोंडात एक पातळ पट्टी असते, रीड म्हणतात तिला, ती थरथरते तेव्हा आवाज येतो. त्याची रीड बघितली, तीन नंबर, म्हणजे कडक. मी लग्नात दोन-अडीचवर भागवायचो.

सातरस्ता काकांना एवढंच, की आमच्या बँडला गाणं जसंच्या तसं वाजवावं लागतं. एक सूर इकडचा तिकडं झाला की लोक ओरडतात. ह्या लोकांना चाल एकदा वाजवून झाली की रान मोकळं. मला तर हेवा वाटला.

---

वेणू

साइडड्रम, ओठ सैल सोडण्याचं तुम्ही सांगितलंत ते पुन्हा ऐकताना उपयोगी पडेल. त्या संथ वादनात ड्रमरनेही काठ्या बाजूला ठेवून तारांचे ब्रश घेतले होते. कातड्यावर गोल गोल घासत होता, ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

---

आजोबा_जुळेसोलापूर

धागा वाचून बरं वाटलं. मला कार्यक्रमाचं कळलं नाही, कळलं असतं तर काठी टेकत आलो असतो.

१९६८-६९ला मी कॉलेजात होतो. आमच्या चाळीत एकांकडे मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बाकीचे विविधभारती आणि सिलोनसाठी जमायचे, ते पांगले की रात्री मी शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका लावायचो. विलिस कॉनोव्हर नावाचा निवेदक जॅझ लावी. बोलणं इतकं सावकाश आणि स्पष्ट की आमच्यासारख्या मराठी शाळेतल्या पोरांनाही कळावं. ऐकणाऱ्यांना इंग्रजी परकी आहे हे ध्यानात ठेवूनच तो तसं बोलत असे. १९५५ पासून त्याचा कार्यक्रम चालू होता. सुरुवातीला ड्यूक एलिंग्टनच्या बँडचं ‘टेक द ए ट्रेन’ वाजायचं. मध्येच आवाज बुडायचा, खरखर व्हायची, आणि परत वर यायचा तोवर सोलो दुसऱ्याचाच चालू असे.

मुंबईच्या पाहुण्यांनी निवेदन असं केलं असतं तर तुमची तक्रार उरली नसती.

---

मुक्काम_डोंबिवली

मूळ सोलापूरकर, आता नावाप्रमाणे. अवांतर वाटेल, पण जॅझ आपल्याकडे परवाच्या रविवारी आला नाही, हे नोंदवून ठेवतो.

१९३५मध्ये लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. त्याच्या पाठोपाठ ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ, पियानोवाला टेडी वेदरफोर्ड. स्वतःच्या देशात वर्णभेद सोसणाऱ्या या लोकांना इथे नोकरी आणि मान मिळाला. ताजच्या नाचघरात येणारे अर्थात साहेब, संस्थानिक आणि धनिक.

त्यांच्याकडून उचललं ते गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवत, त्यामुळे ही मंडळी कागद समोर ठेवला की वाजवत. त्यातला अंतोनियो झेवियर वाझ, लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाने ट्रम्पेट वाजवणारा, चिक चॉकलेट नावाने गाजला. पुढे मुंबई प्रांतात दारूबंदी आली, १९४९चा कायदा, आणि नाचघरांचा धंदा बसत गेला. पण स्टुडिओत काम होतंच. आपले सी. रामचंद्र, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, यांनी चिक चॉकलेटला जोडीला घेतलं. १९५१चा ‘अलबेला’ पाहा. भगवानदादा नाचतात त्या गाण्यांच्या मागचे ट्रम्पेट आणि सॅक्स नीट ऐका. चिक चॉकलेट आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो.

म्हणजे साइडड्रम, तुमच्या वडिलांनी वरातीत ‘अलबेला’ची गाणी वाजवली असतीलच. तेव्हा तुमच्या घरात जॅझ त्याच वाटेने येऊन गेलाय.

मोठे पाहुणेही येऊन गेले. १९५८मध्ये पियानोवाला डेव्ह ब्रुबेक, १९६३मध्ये एलिंग्टन, १९६४मध्ये खुद्द आर्मस्ट्राँग. शीतयुद्धाचे दिवस, त्यातल्या ब्रुबेक आणि एलिंग्टनच्या दौऱ्यांचा खर्च अमेरिकी सरकारचा. मग १९७८ला निरंजन झवेरींनी धोबी तलावच्या रंगभवनात जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू केला, पहिल्याच वर्षी सॅक्सवाला सॉनी रोलिन्स हजर. रंगभवन पुढे मुकं झालं, शांतता क्षेत्राच्या नियमात अडकलं.

---

साइडड्रम

वाजवली म्हणजे? भगवानदादाच्या गाण्याशिवाय वरात हलायचीच नाही. वडील त्यातले मधले ट्रम्पेटचे तुकडे क्लॅरोनेटवर काढायचे. ते गोव्याच्या माणसाचे हे आज कळालं.

---

सातरस्ता

डोंबिवलीकर, माहिती चांगली आहे, पण तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात. ‘अलबेला’तलं तीन मिनिटांचं गाणं अख्ख्या महाराष्ट्राला पोचलं, कारण त्याला शब्द होते, चाल होती आणि ते वेळेवर संपत होतं. तेच वादक, तेच सूर.

---

मुक्काम_डोंबिवली

पोचलं हे खरं. पण त्या वादकांना तिथे स्वतःचं काही वाजवायला किती जागा मिळे? दोन ओळींच्या मधली चार बारची फट. बाकी सगळं कागदावर लिहिलेलं. दिवसभर स्टुडिओत हे करून रात्री चर्चगेटच्या हॉटेलांत हीच माणसं जॅझ वाजवायला जात. पोटाचं दिवसा, मनाचं रात्री.

---

पद्मा_साखरपेठ

मी कार्यक्रमाला नव्हते, मुलगी होती. (चुटक्या वाजवणारी तीच असावी असा दाट संशय!) तिने घरी येऊन ड्रमच्या झांजेचा ठेका तोंडाने करून दाखवला, तिं, तिं-ति तिं, तिं-ति, आणि मी म्हटलं अगं हा तर आपल्या मागाचा. आमच्या घरात पूर्वी चार यंत्रमाग होते. चांगला लागलेला माग खट-खट असा सारखा वाजत नाही, लांब-आखूड, लांब-आखूड असा वाजतो. मुलगी म्हणे, ‘अम्मा, यालाच स्विंग म्हणतात. एका मात्रेचे दोन भाग करायचे, पण सारखे नाहीत, पहिला मोठा, दुसरा छोटा.’ मध्यम लयीत साधारण दोनास एक, आणि लय वाढली की फरक कमी होत जातो. मागाचंही तसंच, वेग वाढवला की सगळं सपाट.

आमच्याकडे सॅक्सोफोन म्हटलं की कद्री गोपालनाथ. मंगळुरूकडचे. सॅक्सवर कर्नाटक संगीत वाजवायचे. वडिलांकडे त्यांच्या कॅसेट होत्या. सॅक्सला चाव्या असतात, दोन सुरांच्या मधून घसरत जाणं अवघड, आणि कर्नाटकात गमकाशिवाय पान हलत नाही. त्यांनी ते साधलं. २०१९ला गेले. त्यांनी रुद्रेश महंतप्पा या अमेरिकन जॅझ सॅक्सवादकाबरोबर केलेली २००८ची ध्वनिमुद्रिकाही आहे. दोन सॅक्स, एक गमकातून येतो, दुसरा जॅझमधून. सातरस्ता काका, तुम्ही ती ऐकून बघा. तिथे तुम्हाला परकं वाटणार नाही.

---

सातरस्ता

ऐकतो. कद्री मी ऐकलेत, त्यांच्याबद्दल आदर आहे. पण मत बदललं असं आत्ताच लिहून घेऊ नका.

---

नवीपेठ

लेख आणि प्रतिसाद दोन्ही भारी. मी तर फक्त रील्समधला जॅझ ऐकलाय, अभ्यास करताना लावतात तो. प्रश्न आहेत थोडे. १) नीट मोठा कार्यक्रम ऐकायचा तर कुठे जायचं? २) कपडे वगैरे काही असतं का? ३) लहान भावाला न्यावं का, दहा वर्षांचा आहे. ४) ‘टेक फाइव्ह’ त्या दिवशी वाजवलं का? तेवढं एकच नाव मला माहीत आहे.

---

मुक्काम_डोंबिवली

मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. तिथे जॅझचे कार्यक्रम अधूनमधून होतात, टाटा थिएटरमध्ये बसायला मिळालं तर सोडू नका. १९८०चं नाट्यगृह, पंख्याच्या आकाराचं, मागच्या रांगेतही सॅक्सची फुंकर ऐकू येते. संध्याकाळचा कार्यक्रम आटपून टॅक्सीने सीएसएमटी गाठलं तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस मिळते, सकाळी सोलापूर. तिकीट मात्र आधी काढा, सिद्धेश्वर ऐनवेळी कोणाला पावत नाही. ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन, २०१२ पासून पाळतात. त्या सुमारास कार्यक्रम शोधलेत तर सापडण्याची शक्यता जास्त.

कपडे अंगभर असावेत. बाकी कोणी बघत नाही.

---

भुईकोट

भावाला न्या, पण कडेच्या खुर्चीवर बसवा. परवा एक मुलगा ड्रमरच्या समोर येऊन जमिनीवर बसला होता आणि कार्यक्रम संपेपर्यंत हलला नाही. त्याचे वडील मात्र दोनदा फोन घ्यायला बाहेर.

‘टेक फाइव्ह’ वाजवलं, शेवटून दुसरं. पाच मात्रांचं आहे. लोक ते ब्रुबेकचं समजतात, वाजवलं त्याच्या चौकडीने हे खरं, पण रचना त्याच्या सॅक्सवाल्याची, पॉल डेसमंडची, तीही १९५९ची. मी झपतालावर बसवून बघितलं. झपताल दहा मात्रांचा, २-३-२-३, म्हणजे अर्धा झपताल पाच मात्रांचाच. पण बसेना, कारण तिथले पाच ३-२ असे पडतात. तीन आधी. मग तिसऱ्या मात्रेपासून झपताल सुरू झाला असं धरलं, आणि बसला. वेणूताई, हे शास्त्राला धरून आहे का?

---

वेणू

शास्त्राला धरून नाही, कारण सम कुठे आहे हे विसरून झपताल होत नाही. मोजायला सोय म्हणून करा, तबला परीक्षेत लिहू नका!

शेवटचं वादन ब्लूज होतं, त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. ते बत्तीस बारचं नव्हे, बाराचं. चार-चार-चार. गाणं असेल तर पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिचं उत्तर. बारा बार म्हणजे ४८ मात्रा, तीनतालाची तीन आवर्तनं. नवशिक्याने मोजायचं तर ‘सो व्हॉट’नंतर हे. आणि त्यातच सॅक्स आणि ड्रमची चार-चार बारची देवाणघेवाण झाली, ती सवाल-जवाबाची सवय असलेल्या आपल्या लोकांनी लगेच उचलली. सगळ्यात मोठी टाळी तिथे पडली, बघितलंत ना?

---

आजोबा_जुळेसोलापूर

आमच्या घरी खालची खोली मोकळी असते. स्पीकर चांगले आहेत, मुलाने आणून दिलेले. महिन्यातून एकदा कोणी ध्वनिमुद्रिका घेऊन आलं तर बसून ऐकू. चहा आणि शेंगाची चटणी-भाकरी माझ्याकडे. निवेदन मराठीत करावं ही अट.

---

भुईकोट

आजोबा, ठरलं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. वेणूताई, पहिलं निवेदन तुमच्या गळ्यात.

---

नवीपेठ

मी येणार. आणि साइडड्रम दादा, एक वेगळंच विचारतो. सोलापुरात सॅक्स शिकायचा तर कुणाकडे?

---

साइडड्रम

लग्नसराई आटपू दे, माझ्याकडं ये. पण एकदम सॅक्स घेऊ नको. माझी जुनी क्लॅरोनेट पडून आहे, तीवर फुंकर बसव. रोज अर्धा-पाऊण तास एकच सूर लांब धरायचा, दुसरं काही नाही. पंधरा दिवस टिकलास तर मग पुढचं बोलू. आणि नोटेशन वाचायला आधीच शीक, आम्ही कानावर शिकलो म्हणून एका जागी अडकलो.

---

नवीपेठ

टिकतो. पण आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो. शेजारी? पुढं सॅक्स आला तर त्याच्या तोंडात टॉवेल कोंबला तर चालतो का? सोलापुरात टॉवेलला तोटा नाही.

---

साइडड्रम

टॉवेलचा उपयोग नाही बे. ट्रम्पेटचा आवाज सगळा पुढच्या भोंग्यातून येतो, म्हणून त्याला म्यूट लावता येतो. सॅक्सचा आवाज अंगावरच्या सगळ्या भोकांतून येतो, भोंगा बंद केला तर फक्त खालचे दोन-तीन सूर बिघडतात. क्लॅरोनेटचंही तेच. सकाळी सहाला कंबर तलावावर ये, फिरायला येणारे दोन दिवस बघतील, तिसऱ्या दिवशी कोण विचारत नाही. येताना पाण्याची बाटली आण, आणि टॉवेल आणच, क्लॅरोनेटमधनं थुंकी गळते.